वादळानंतर तुटलेली तार आणि वीज कंपनीचे दायित्व : सोलापूरच्या जखमींसाठी आणि वारसांसाठी मार्गदर्शक

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दिवसभर अंग भाजते, चारनंतर आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि वळवाचा पाऊस वीस-पंचवीस मिनिटांत सगळे उलथेपालथे करून जातो. कडुनिंबाच्या फांद्या तारांवर येतात, घरांवरचे पत्रे उडतात, जुन्या पेठांतील खांब कलतात. माझ्या वकिलीच्या अनुभवात मात्र विजेचा धक्का बसून जखमी झालेली माणसे त्या वीस मिनिटांतली फार थोडी असतात. रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला यंत्रमाग कामगार, पहाटे रानात पाणी द्यायला गेलेला शेतकरी, सकाळी अंगणात साचलेले पाणी खराट्याने लोटणारी विडी कामगार बाई, ही माणसे वादळ शांत झाल्यावर सापडतात. दाव्याच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे, कारण वारा निसर्गाचा असला तरी वारा थांबल्यानंतर जमिनीवर पडलेल्या तारेत वीज का होती, याचे उत्तर निसर्गाकडे मागता येत नाही. ते वीज पुरवणाऱ्यानेच द्यायचे असते.

सोलापूर शहर आणि जिल्ह्यात घरोघरी वीज पोहोचवण्याचा परवाना महावितरणकडे आहे. या लेखात ‘कंपनी’ हा शब्द वितरण परवानाधारक या अर्थाने वापरला आहे, आणि येथे सांगितलेली तत्त्वे देशातील कोणत्याही वितरण कंपनीला सारखीच लागू होतात.

कायद्याची मूळ भूमिका

सर्वात आधी मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैलकुमारी हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल समजून घ्यावा. पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यावर विजेची जिवंत तार तुटून पडली होती; रात्री कारखान्यातून सायकलवर घरी निघालेला एक कामगार तिच्यावर गेला आणि दगावला. शेजारच्या एका माणसाने चोरून वीज घेण्यासाठी तार ओढली होती, तीच सुटली, त्यात आमचा दोष नाही, असा मंडळाचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. वीज ही मुळातच धोकादायक वस्तू आहे, ती पुरवण्याचा व्यवसाय करणाऱ्याने सर्व काळजी घेतली असली तरी तिच्यामुळे अजाणतेपणी सापडलेल्या माणसाच्या भरपाईची प्राथमिक जबाबदारी पुरवठादाराचीच राहते, असे तत्त्व त्यात मांडले आहे. यालाच कठोर दायित्व म्हणतात. जखमीला ‘अमुक कर्मचाऱ्याने अमुक हलगर्जी केली’ हे सिद्ध करण्याची सक्ती या तत्त्वामुळे उरत नाही. तार सार्वजनिक रस्त्यावर तुटून पडली तर तिच्यातील प्रवाह आपोआप खंडित व्हायला हवा होता, हेही न्यायालयाने त्याच निकालात म्हटले आहे, आणि वादळानंतरच्या प्रत्येक दाव्याचा कणा हेच वाक्य आहे.

कंपनीकडून येणारे पहिले उत्तर ठरलेले असते : ‘वादळ ही दैवी आपत्ती आहे.’ कठोर दायित्वाला दैवी आपत्तीचा अपवाद आहे हे खरे. पण तो अपवाद लागू होण्यासाठी घटना इतकी असाधारण असावी लागते की, वाजवी दूरदृष्टीने तिची कल्पनाच करता आली नसती. दर उन्हाळ्यात येणारा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा जोरदार पाऊस सोलापूरला नवा नाही; ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी आणि सप्टेंबर २०२५ मधला सीना नदीचा पूर अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जे दरवर्षी घडते, त्याची पूर्वतयारी करणे हे कंपनीचे कामच आहे. शिवाय तार वादळाने तुटली हे मान्य केले, तरी त्यानंतर चार तास ती जिवंत राहिली याला दैवी आपत्ती म्हणता येत नाही.

येथे एक गल्लत वारंवार होते. वीज नियामक आयोगाच्या सेवा-मानकांमध्ये वादळ, पूर अशा प्रसंगी कंपनीला सूट असते. पण ती पुरवठा उशिरा सुरू झाल्याबद्दल ग्राहकाला द्यायच्या भरपाईपुरती असते. माणसाला झालेल्या इजेच्या दायित्वाशी तिचा संबंध नाही. कोणी ते विनियम पुढे केले, तर हा फरक लेखी नोंदवून ठेवावा.

दुसऱ्या बाजूने, आपला दावा कोठे कमकुवत पडतो हेही आधीच पाहावे. मीटरनंतरच्या घरातील वायरिंगचा दोष साधारणपणे ग्राहकाचा धरला जातो. ज्याने स्वतः आकडा टाकला होता, किंवा पडलेली तार जिवंत आहे हे ठाऊक असून ती हाताने उचलली, त्याची भरपाई कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते. ‘अजाणतेपणी सापडलेला’ हे शब्द निकालात उगाच आलेले नाहीत.

पहिला तास

पडलेली तार मेलेली आहे असे कधीही गृहीत धरू नये. तिच्यापासून निदान दहा मीटर लांब राहावे आणि जवळ सापडल्यास पाय जमिनीवरून न उचलता, जवळजवळ ठेवत सरकत बाहेर यावे. धक्का बसलेल्याला थेट हात लावू नये. वीज कंपनीच्या १९१२ क्रमांकावर आणि पोलिसांच्या ११२ वर ताबडतोब कळवावे, जखमीसाठी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. हे फोन जीव वाचवण्यासाठी आहेतच, शिवाय प्रत्येक कॉलची वेळ पुढे पुरावा ठरते. १९१२ वर मिळालेला तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवावा आणि कॉल-यादीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवावा, कारण अनेक मोबाइलमधली जुनी यादी काही आठवड्यांत आपोआप पुसली जाते.

घटनास्थळाचा पुरावा : येथे घाई करावी

लाइन दुरुस्त करणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, त्यामुळे वायरमन येऊन तार जोडून जाणार आणि दुपारपर्यंत रस्ता पूर्ववत दिसणार. तो दिसण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत, तेही सुरक्षित अंतरावरून. तुटलेल्या तारेची दोन्ही टोके, खांबावर रंगवलेला क्रमांक, चिमणी म्हणजे चिनीमातीचा इन्सुलेटर, तारेला टेकलेली फांदी, जुने जोड आणि तारांचा झोल हे सर्व त्यात यावे. कमी दाबाची उघडी तार रस्ता ओलांडत असेल तर तिची उंची किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीच्या, म्हणजे उच्च दाबाच्या, तारेची ६.१ मीटर असावी लागते. शेजारच्या न पडलेल्या तारेखाली बांबू किंवा माणूस उभा दिसेल असा फोटो लांबून घेतल्यास नंतर उंचीचा अंदाज काढता येतो. तारेला बांबू लावून मोजण्याचे धाडस कोणीही करू नये.

फार थोडे लोक डीपीचा, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरचा, फोटो काढतात, आणि तोच अनेकदा सर्वात बोलका असतो. डीपीच्या पेटीतील फ्यूजमध्ये ठरावीक जाडीची बारीक तार असायला हवी, म्हणजे लाइन तुटून दोष निर्माण झाला की ती वितळून पुरवठा बंद होतो. प्रत्यक्षात ‘सारखा फ्यूज जातो’ म्हणून तेथे तीन-चार पदरी जाड तार पिळून बसवलेली आढळते. मग रस्त्यावरची तार तुटली तरी फ्यूज उडत नाही. पेटी उघडीच असेल तर लांबून झूम करून फोटो घ्यावा. हात लावू नये. उच्च दाबाच्या तारेची गोष्ट थोडी वेगळी असते. ती कोरड्या मुरमावर किंवा डांबरावर पडली तर जमिनीतून वाहणारा प्रवाह इतका कमी असू शकतो की, उपकेंद्रातील यंत्रणेला दोष जाणवतच नाही. कंपनी हे तांत्रिक स्पष्टीकरण म्हणून सांगते. परंतु सार्वजनिक जागेवरील उघडी तार तुटल्यास ती निर्धोक व्हावी अशी व्यवस्था ठेवण्याचे बंधन सुरक्षा नियमांनीच घातलेले आहे, त्यामुळे हे स्पष्टीकरण बचावापेक्षा कबुलीजवळ जास्त जाते, असे माझे मत आहे.

जखमीची चप्पल, कपडे, सायकल, छत्री धुऊ नये, टाकू नये. एका प्रकरणात रबरी चपलेच्या तळाला वाटाण्याएवढे जळके भोक होते. वीज अंगातून कोठे बाहेर पडली हे त्या भोकाने जेवढे स्पष्ट सांगितले, तेवढे तीन साक्षीदारांना सांगता आले नाही.

सिव्हिलमध्ये

शहरात आपण ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतो त्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात नेल्यावर एमएलसी (मेडिको-लीगल केस), म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण, अशी नोंद झाली आहे ना, हे विचारावे. विजेच्या जखमा वरून लहान आणि आतून मोठ्या असतात, म्हणून आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जखम वेगवेगळी नोंदवण्याची विनंती करावी. हृदयाचा ईसीजी, लघवीचा रंग काळपट झाल्याची नोंद, स्नायूंची तपासणी यांचे कागद जपावेत. काही महिन्यांनी मोतीबिंदूसारखा त्रास उद्भवू शकतो, त्यामुळे डोळ्यांची तपासणी घटनेनंतर लगेच आणि पुढेही करून घ्यावी.

पोलीस, पंचनामा आणि ‘वीज’ हा एक शब्द

आपल्या भाषेत आकाशातून पडते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीज, आणि या एका शब्दाने कित्येक कुटुंबांचे नुकसान केले आहे. वादळी रात्रीनंतर घाईत लिहिलेल्या पंचनाम्यात ‘वीज पडून मृत्यू’ असे आले, की प्रकरण नैसर्गिक आपत्तीचे होते, तहसील कार्यालयाकडून आपत्ती निधीतले ४ लाख रुपये मिळतात आणि कंपनीचे दायित्व कागदोपत्री पुसले जाते. तारेचा धक्का असेल तर जबाबात आणि पंचनाम्यात ‘विद्युत वाहिनीच्या तुटलेल्या तारेचा विजेचा धक्का लागून’ असे पूर्ण लिहिले आहे याची खात्री करूनच सही करावी. शवविच्छेदनाच्या अहवालातही हाच फरक पाहावा.

मृत्यू झाला असेल तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची चौकशी करतात. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये येतो, त्यासाठी फिर्याद देता येते. मात्र गुन्हा नोंदला गेला नाही म्हणून भरपाईचा दावा अडत नाही. एखाद्या वायरमनला अटक होण्यात कुटुंबाचे फारसे हित नसते, हेही शांतपणे लक्षात घ्यावे.

विद्युत निरीक्षक

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची सूचना सरकारच्या विद्युत निरीक्षकाला देणे कंपनीवर बंधनकारक आहे. २००५ च्या नियमांप्रमाणे प्राणांतिक अपघाताची खबर, तो कळल्यापासून २४ तासांत आणि कोणत्याही अपघाताचा लेखी अहवाल ४८ तासांत जायला हवा. कंपनी कळवेलच या भरवशावर राहू नये. आपणही निरीक्षकाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि पाहणीच्या वेळी आपल्याला उपस्थित राहू द्यावे अशी विनंती त्यात करावी. जनावर दगावले असेल तरी हीच तरतूद लागू आहे. त्यासाठी पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल घ्यावा.

निरीक्षकाचा अहवाल विरोधात गेला म्हणून हातपाय गाळू नयेत. ‘नियमभंग आढळला नाही’ असा निष्कर्ष असला तरी कठोर दायित्वाचा प्रश्न स्वतंत्र उरतो.

कंपनीचे कागद : वेळेचा हिशेब

काही वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात वीज कंपनीने लेखी कैफियतीत म्हटले होते की, तार तुटल्याची पहिली माहिती त्यांना सकाळी सहा वाजता मिळाली. शेजारच्या एका मुलाच्या मोबाइलवर आदल्या संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी तक्रार क्रमांकावर केलेला कॉल होता. त्यानंतर उपकेंद्राची लॉगशीट मिळाली. रकाने साधेच : फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी), ट्रिपची म्हणजे बंद पडण्याची वेळ, चार्जची म्हणजे पुन्हा सुरू केल्याची वेळ, शेरा. ट्रिप ६.५०, चार्ज ८.०५, शेऱ्यात ‘वारा-पाऊस’ एवढे दोन शब्द. म्हणजे वादळात फीडर आपोआप बंद पडला होता, तार खाली पडली तेव्हा तिच्यात वीज नव्हतीच. तक्रार आलेली असताना, लाइनची पाहणी न करता सव्वातासाने तो पुन्हा सुरू करण्यात आला आणि पडलेली तार जिवंत झाली. पहाटे एका माणसाचा हात गेला. ती लॉगशीट न्यायालयात दाखल झाल्यावर दैवी आपत्तीचा मुद्दा पुन्हा निघाला नाही आणि पुढे तडजोड झाली.

म्हणून घटनेनंतर आठवड्याच्या आत उपविभागीय आणि कार्यकारी अभियंत्यांना नोंदणीकृत डाकेने पत्र पाठवावे. त्याचा मजकूर असा असू शकतो : ‘दिनांक अमुक रोजी अमुक ठिकाणी, खांब क्रमांक अमुक जवळ तुटलेल्या विद्युत तारेमुळे अमुक व्यक्ती जखमी झाली आहे. या घटनेच्या आधीचे व नंतरचे तीन दिवस यांतील संबंधित फीडरची लॉगशीट, तक्रार केंद्राच्या नोंदी व ध्वनिमुद्रणे, लाइन पाहणी व झाडछाटणीच्या नोंदी आणि तुटलेल्या तारेचे तुकडे जतन करून ठेवावेत. ते नष्ट झाल्यास त्याचा प्रतिकूल अर्थ काढण्याची विनंती न्यायालयास केली जाईल.’ एवढे पुरे. पत्रात आरोप आणि शब्दांचा फुलोरा नको.

त्यापाठोपाठ माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये आहे, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून लॉगशीट, तक्रार-नोंदी आणि देखभाल-नोंदी यांसाठी तीन वेगळे अर्ज करणे शहाणपणाचे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे.

झाड महापालिकेचे असेल तर

तारेवर पडलेले झाड महापालिकेच्या रस्त्याकडेचे असेल, तर कंपनी पालिकेकडे बोट दाखवते आणि पालिका कंपनीकडे. तारांना अडथळा होणारी फांदी काढून घेण्याची व्यवस्था विद्युत अधिनियमाच्या कलम ६८ मध्ये आहे, त्यामुळे झाड दुसऱ्याचे होते एवढ्यावर कंपनी सुटत नाही. तरीही दोघांनाही प्रतिवादी करावे. येथे एक सापळा आहे : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार पालिकेविरुद्ध दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून थांबलेल्या लोकांची ही मुदत न कळत निघून जाते.

सानुग्रह रक्कम घ्यावी का

घ्यावी. अपघातानंतर कंपनीकडून मिळणारी सानुग्रह मदत घरखर्चाला लागते आणि ती घेतल्याने कायदेशीर भरपाईचा हक्क जात नाही. फक्त पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’, ‘यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही’ असे शब्द असतील तर सही थांबवावी, किंवा ‘हक्क राखून, अंशतः मदत म्हणून स्वीकारली’ असे स्वतःच्या हाताने लिहून सही करावी. निरक्षर आईचा अंगठा घेतला जात असेल, तर घरातील शिकलेल्या माणसाने मजकूर मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ देऊ नये.

दाद कोठे मागावी

वीजग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेला ग्राहक तक्रार निवारण मंच हे यासाठीचे ठिकाण नाही. कलम १६१ चे अपघात त्याच्या कक्षेबाहेर आहेत. आपल्याच घराच्या जोडणीतील, मीटरपर्यंतच्या सेवेतील दोषाने इजा झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, मुदत दोन वर्षे. रस्त्यावरून जाणारा माणूस मात्र त्या वेळी कंपनीचा ग्राहक म्हणून चालत नसतो, त्याच्यासाठी हा मार्ग वादग्रस्त ठरतो. कंपनीचा किंवा ठेकेदाराचा कामगार दुरुस्ती करताना जखमी झाला असेल तर त्याला कामगार भरपाईचा स्वतंत्र मार्ग आहे.

उच्च न्यायालयात रिट, म्हणजे शासकीय यंत्रणेविरुद्धची थेट याचिका, दाखल करण्याचा मोह अनेकांना होतो, त्यात ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूरकरांचा मुंबईचा हेलपाटाही वाचला आहे. पण घटनेचे तथ्यच वादात असेल तर रिट टिकत नाही. ओरिसा ग्रिड कॉर्पोरेशन विरुद्ध सुकमणी दास या १९९९ च्या निकालात, विजांच्या कडकडाटात तार तुटली असा बचाव असताना, सर्वोच्च न्यायालयाने अशा वादासाठी दिवाणी दावाच योग्य म्हटले. कंपनीच्या स्वतःच्या किंवा निरीक्षकाच्या अहवालात दोष मान्य झाला असेल, तेव्हाच रिटचा विचार करावा. तसे झाल्यास मोठी रक्कमही मिळू शकते : हरियाणातील रमण या लहान मुलाच्या प्रकरणात, हात-पाय गमावल्याबद्दल, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६० लाखांची भरपाई कायम केली.

कमी परिचित पण विचार करण्यासारखा मार्ग म्हणजे स्थायी लोक अदालत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार वीजपुरवठा ही लोकोपयोगी सेवा आहे, न्यायालयीन शुल्क नाही, १ कोटी रुपयांपर्यंतचा वाद चालतो आणि तडजोड न झाल्यास गुणवत्तेवर निर्णयही दिला जातो. अर्ज न्यायालयात जाण्याआधीच करावा लागतो आणि निर्णयावर अपील नाही, हे दोन्ही तोलून पाहावे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात याची चौकशी करावी. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना तेथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो.

बाकी बहुतेकांसाठी दिवाणी न्यायालय. शुल्काची ऐपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा दाखल करण्याची परवानगी मागता येते. मृत्यूच्या दाव्यात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमानुसार पती किंवा पत्नी, मुले आणि आईवडील या सर्वांसाठी मिळून एकच दावा होतो, आणि त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. इजेच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात असे सर्रास सांगितले जाते. परंतु कायद्यानुसार केलेल्या कृतीबद्दलच्या भरपाईसाठी मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ७२ मध्ये एकच वर्ष दिले आहे आणि प्रतिपक्ष तो मुद्दा काढू शकतो. त्यामुळे वर्ष उलटण्याआधी दावा दाखल व्हावा, हेच धोरण ठेवावे.

रक्कम कशी मांडावी

या दाव्यांत मोटार अपघातांसाठी रूढ झालेली गुणकाची पद्धत, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणण्याची पद्धत, न्यायालये मार्गदर्शक म्हणून वापरतात. समजा, अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्यात महिना १५,००० रुपये मिळवणारा ३६ वर्षांचा कामगार दगावला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. वार्षिक उत्पन्न १,८०,०००. चाळिशीच्या आतील अशा कामगारासाठी भविष्यातील वाढ ४० टक्के धरून २,५२,०००. चार अवलंबितांमुळे त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करून १,८९,०००. आणि ३६ ते ४० वयोगटाचा गुणक १५ लावून २८,३५,००० रुपये. त्यावर सहजीवनाची हानी, अंत्यविधीचा खर्च आणि व्याज. कारखान्यात पगारपत्रक मिळत नसेल तर पगाराची वही, बँकेतील नोंदी, सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र यांवर उत्पन्न मांडावे. काहीच नसेल तर किमान वेतनाचा आधार घ्यावा.

इजेच्या दाव्यात दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर थांबू नये. प्रमाणपत्रात ६० टक्के लिहिले असले तरी माग चालवणाऱ्याचा उजवा हात गेला तर त्या कामापुरती त्याची कमाई जवळपास पूर्ण संपते, आणि कमाईचे नुकसान व्यवसायानुसार ठरवावे हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे. कृत्रिम हाताची किंमत एकदाच धरली जाते, तो मात्र काही वर्षांनी बदलावा लागतो. त्यामुळे पुरवठादाराचे लेखी दरपत्रक घेऊन पुढील बदलांचा खर्चही मागणीत घालावा. मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायालय सहसा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेवीत ठेवायला सांगते. शाळेच्या शुल्कासाठी तिचे व्याज दर तिमाहीला आईच्या खात्यात जमा व्हावे, ही विनंती दाव्याच्या प्रार्थनेतच, म्हणजे मागण्यांच्या भागातच, लिहून टाकावी, म्हणजे प्रत्येक जूनमध्ये वेगळा अर्ज घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.